नाव झाकून वाचा: ओळख आणि समाज यांवरच्या कादंबऱ्या-आत्मकथनांचं परीक्षण कसं लिहावं

माझं पहिलं परीक्षण एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी परत पाठवलं होतं. बाराशे शब्दांत ‘विदारक’ चार वेळा, ‘अंतर्मुख करणारं’ दोनदा, आणि शेवटी ‘प्रत्येकाने वाचलंच पाहिजे’. बाईंनी समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती: ‘पुस्तकाचं नाव झाकून वाचा.’ मी खरंच अंगठ्याने नाव झाकलं. खाली उरला तो मजकूर मराठीतल्या कुठल्याही आत्मकथनाला चिकटवता आला असता. मी पुस्तक मनापासून वाचलं होतं, रडलेही होते, आणि त्या पुस्तकाबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला एका ओळखीच्या घरी आमची दर महिन्याला वाचनाची बैठक भरते. पंधरा-सोळा माणसं, चहा, लिलो चेवडो, आणि एक पुस्तक. गेल्या काही वर्षांत त्यात जात, धर्म, लिंगभाव, स्थलांतर, भाषा यांवरची पुस्तकं जास्त येतात आणि नव्याने परीक्षण लिहिणारे माझ्याकडे येतात. त्यांना मी जे तोंडी सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण थेट चौथ्या-पाचव्या पायरीवर उडी मारतात.

आधी स्वतःची जागा बघा

कोरा कागद घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे छापायचं नाही, फक्त स्वतःसाठी. या पुस्तकातलं जग मला किती जवळून माहीत आहे? यातल्या कुठल्या पात्राच्या बाजूला मी आपोआप जाऊन बसते? लेखकाशी माझी ओळख आहे का?

माझं उत्तर देते. आमचे पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी बडोद्यात आले. गुजरातेत आम्ही ‘बाहेरचे’ असलो तरी घर शोधताना, नोकरी मागताना आमचं आडनाव कधी आडवं आलं नाही. त्यामुळे घर नाकारल्याचा प्रसंग वाचताना मी नकळत घरमालकाच्या खिडकीतून बघते, आणि ‘इतकं थेट कोण बोलतं?’ हा प्रश्न मला पडतो. तो प्रश्न पुस्तकाचा दोष नाही, ती माझी खिडकी आहे. हे आधी कागदावर आलं की परीक्षणात ‘काही प्रसंग अतिरंजित वाटतात’ असं लिहिताना हात थांबतो.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. बडोद्याचं मराठी जग लहान आहे. इथे लेखक तुमच्या वहिनींच्या मावसबहिणीचा दीर निघतो. ज्या प्रकाशनाला तुम्ही आभारप्रदर्शन केलंत किंवा शाल घेतलीत त्या पुस्तकाचं परीक्षण लिहू नका. फारच आग्रह झाला तर ओळख पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका.

शीर्षकापाशी थांबा

ही पायरी दहा मिनिटांची, पण या प्रकारच्या पुस्तकांत तिचं मोल मोठं आहे. मराठीत या वाटेवरच्या पुस्तकांची नावंच बघा. ‘बलुतं’ (१९७८) म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा, हक्क म्हणून आणि उपकार म्हणूनही. ‘उपरा’ म्हणजे ज्याला गाव नाही तो. ‘उचल्या’ ही एका जमातीला दिलेली शिवी, ती लेखकाने स्वतः उचलून मुखपृष्ठावर ठेवली. तोळ्याचे मासे बारा. अकराच भरले तर तो ‘अक्करमाशी’, म्हणजे उणा, औरस नसलेला. ‘आयदान’ म्हणजे बांबूचं विणकाम, सुपं-टोपल्या. आमच्या गुजरातीत जोसेफ मॅकवानांची ‘आंगळियात’ आहे. दुसरं लग्न करणाऱ्या आईचं बोट धरून नव्या घरी आलेलं मूल म्हणजे आंगळियात.

यांतला प्रत्येक शब्द समाजाने माणसावर ठेवलेलं माप, नाव किंवा काम आहे. शीर्षकातला शब्द पुस्तकात पहिल्यांदा कुठे येतो, कोणाच्या तोंडी येतो, शेवटी तोच शब्द कोण वापरतं, हे पान क्रमांकासह टिपून ठेवा. शेवटपर्यंत तो शब्द दुसऱ्यांच्याच तोंडी राहिला की सांगणाऱ्याने तो आपलासा केला, एवढ्यावर निम्मं परीक्षण उभं राहू शकतं.

दोनदा वाचा

पहिल्यांदा वाचक म्हणून. पेन्सिल हातात घ्यायची नाही, रडायचं असेल तर रडायचं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. पुस्तक वाचनालयाचं असेल तर चिठ्ठ्या लावा. मांडवीजवळची आमची सेंट्रल लायब्ररी १९१० सालापासूनची आहे, आणि तिच्या जुन्या पुस्तकांत गेल्या शतकातल्या वाचकांनी समासात घातलेले वाद वाचायला मजा येते. पण तुम्ही त्यात भर घालू नका.

दुसऱ्या वाचनात मी फक्त चार खुणा करते. जिथे मी थांबले तिथे उभी रेघ. जिथे लेखक प्रसंग सांगून वर त्याचा अर्थही सांगतो तिथे गोल. जिथे भाषा बदलते तिथे ‘भा’. जिथे एखादं माणूस पुस्तकातून न सांगता गायब होतं तिथे फुली. फुल्या शेवटी मोजायच्या. एका कादंबरीत नायकाची थोरली बहीण पहिल्या शंभर पानांत घर चालवते आणि नायक शहरात गेल्यावर तिचं नावही निघत नाही. पहिल्या वाचनात हे मला जाणवलंच नव्हतं. नायकाच्या मुक्तीची किंमत कोणी भरली हा प्रश्न त्या एका फुलीतून निघाला.

बोलतंय कोण?

इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून जरा रेंगाळते, आणि उदाहरण आपल्याच शहरातलं घेते.

१९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातलं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले होते. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. ते पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहिले, काही दिवसांत लोकांना कळलं, लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून होते. पुढे बऱ्याच वर्षांनी इंग्रजीत लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आठवणीत त्यांनी हे सांगितलं. पुस्तिका छापून आली ती त्यांच्यामागे, १९९० साली. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आता बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा घ्या. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ सालचा. तिथेही निवेदक रेल्वेतली नोकरी आणि राहायची जागा टिकावी म्हणून जात लपवतो. द्रव्य जवळजवळ एकच: डोक्यावर छप्पर हवं म्हणून नाव किंवा जात झाकणं. पण एक आठवण आहे आणि दुसरी कथा. म्हणून परीक्षकाने विचारायचे प्रश्न वेगळे.

आठवणीला विचारायचं: आज लिहिणारा माणूस तेव्हाच्या माणसाकडे कसा बघतो? काय निवडतो? आंबेडकर त्या धर्मशाळेतल्या अडगळीने भरलेल्या दिवाणखान्याबद्दल सांगतात तेव्हा तिथला मिणमिणता कंदील आणि फडफडणारी वटवाघळं सांगतात. जमाव येण्याच्या आधीच वाचकाला तो एकटेपणा कळलेला असतो. जेवणाखाणासह दिवसाचं भाडं दीड रुपया, हेही सांगतात. कायदेपंडिताचा आणि अर्थशास्त्रज्ञाचा हा नेमकेपणा आहे. इथे तो साहित्याचं काम करतो. परीक्षणात हे दाखवायचं असतं.

कथेला विचारायचं: हा ‘मी’ रचलेला आहे, तर असाच का रचला? तो आपल्याशी खोटं बोलतो का? त्याला स्वतःबद्दल जे कळत नाही ते आपल्याला कळावं अशी सोय लेखकाने केली आहे का? निवेदकाची मतं लेखकाच्या माथी मारू नका. कादंबरीतला नवरा बायकोबद्दल किळसवाणं बोलतो म्हणून ‘लेखकाचा स्त्रीविषयक दृष्टिकोन मागासलेला’ असं लिहिणारे परीक्षक मी पाहिले आहेत. पुस्तक त्या नवऱ्याला कुठे उभं करतं ते बघा, मग बोला.

आणि आठवणीतला ‘मी’ सुद्धा सरळ नसतो. ‘बलुतं’मध्ये शिकलेल्या, लेखक झालेल्या दया पवारांसमोर दगडू मारुती पवार येऊन बसतो आणि बोलतो. एकाच माणसाचे दोन तुकडे, एकाला दुसऱ्याची लाज. ही रचना लक्षात न घेता केवळ ‘लेखकाने बालपणीच्या हालअपेष्टा सांगितल्या आहेत’ असं लिहिणं म्हणजे घराचा दरवाजा सोडून भिंतीबद्दल बोलणं. बेबी कांबळे यांच्या पुस्तकाचं नाव ‘जिणं आमुचं’ आहे, ‘माझं’ नाही. त्या स्वतःपेक्षा वस्तीबद्दल बोलतात. अशा पुस्तकाला ‘वैयक्तिक आयुष्य फारसं येत नाही’ हा दोष लावणं म्हणजे नाव न वाचणं.

आणखी एक सवय सोडा. ‘इतक्या लहान वयात आत्मचरित्र कशाला?’ हा जुना प्रश्न. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली आलं तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. कर्तृत्वाचा ताळेबंद मांडणारं आत्मचरित्र म्हातारपणी लिहितात. जगण्याची साक्ष देणारं आत्मकथन तेवढं थांबू शकत नाही. कोणत्या जातकुळीचं पुस्तक हातात आहे ते ठरवा आणि त्याच मापाने मोजा.

तपासणी

वेदना तपासायची नसते, सार्वजनिक गोष्टी तपासायच्या असतात. कायदे, साल, संप, दंगल, पूर, सरकारी योजना. ‘उचल्या’सारखं पुस्तक वाचताना अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १९५२ मधला त्याचा शेवट माहीत नसेल, तर पोलीस मुलांनाही का उचलतात हे कळणार नाही, आणि तुम्ही ‘पोलिसांचं चित्रण एकांगी’ असं लिहून मोकळे व्हाल.

आमच्याकडचं उदाहरण. गुजरातेत अशांत धारा आहे. १९९१ च्या या कायद्याखाली ज्या भागाला ‘अशांत’ ठरवलं असेल तिथे घर विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. समजा एखाद्या कादंबरीत बडोद्याच्या जुन्या पोळातलं, म्हणजे दाट वस्तीच्या गल्लीतलं, घर विकायचं आहे, घेणारा तयार, देणारा तयार, दोघांचे धर्म वेगळे, आणि व्यवहार दीड वर्ष लटकतो. पुण्यातल्या परीक्षकाला हे ‘कथानक ताणल्यासारखं’ वाटेल. इथल्या माणसाला वाटणार नाही. तपासणीचा फायदा एवढाच: लेखकाची चूक आणि आपलं अज्ञान वेगळं करता येतं. लेखकाची चूक सापडली, तर तिच्या आकाराएवढीच जागा द्या. संपाचं साल एका वर्षाने चुकलं म्हणून आत्मकथन खोटं ठरत नाही. चुकलेलं साल पुस्तकाच्या मुख्य दाव्याच्याच मुळाशी असेल तर मात्र ते ठामपणे लिहा.

भाषा

‘बोलीभाषेचा प्रभावी वापर’ हे वाक्य मी आमच्या बैठकीत बंद केलं आहे. वापरणाऱ्याने सगळ्यांना सेव-उसळ खिलवायची.

कोणती बोली? कुठे? कोणाच्या तोंडी? आमच्या घरात फरशी पुसत नाहीत, पोतं मारतात. झोपाळ्याला हिंचको म्हणतात. आणि पुण्याची मावशी आली की सगळे एकदम ‘पुसायला’ लागतात. हे ‘पोतं’ ते ‘पुसणं’ अंतर म्हणजे ओळखीचा प्रश्न. पुस्तकात ते अंतर कसं येतं ते शोधायचं. निवेदन प्रमाण मराठीत आणि फक्त आई, आजी, गडीमाणसं बोलीत, अशी वाटणी असेल तर विचारा: शिकलेला निवेदक स्वतःच्या घरी तरी कसा बोलतो? आईला बोलीत ठेवून तो स्वतः बाहेर पडलाय आणि हे त्याला माहीत आहे, की लेखकाच्या लक्षातच आलेलं नाही?

तळटिपाही बघा. लेखक कुठला शब्द समजावून सांगतो आणि कुठला तसाच ठेवतो, यावरून तो कोणाला समोर बसवून लिहितो ते कळतं. मांस वाळवून केलेल्या चान्यांना टीप, पण ‘सोवळं’ला टीप नाही, तर समोर बसलेला वाचक कोण ते उघड आहे. हे दोष म्हणून लिहायलाच हवं असं नाही, पण दिसलं पाहिजे.

अनुवादाचं परीक्षण असेल तर अनुवादकाचं नाव पहिल्या परिच्छेदात. बडोदेकरांना गुजराती येतं, तेव्हा गुजरातीतून मराठीत आलेल्या पुस्तकाची दोन-तीन पानं मुळाशी ताडून बघा. ‘अनुवाद ओघवता आहे’ एवढ्यावर सोडू नका. नातेवाचक शब्द, शिव्या आणि म्हणी, या तीन ठिकाणी अनुवादकाने काय केलं ते सांगा. बाकीचं बहुतेक वेळा जमलेलंच असतं.

सूर हाही भाषेचाच भाग. दुःखाचं पुस्तक जड आवाजातच असलं पाहिजे असं आपण धरून चालतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून वाचा. नवऱ्याने धर्म बदलला, घर फुटलं, समाजाने वाळीत टाकलं, आणि बाई हे स्वयंपाकघरात बसून सांगावं तशा खट्याळपणे सांगतात. हसू आलं त्या जागेवरही पेन्सिलीची खूण करा.

आता लिहायला घ्या

एक उतारा घेऊन करून दाखवते. कुणाच्या पुस्तकावर प्रयोग नको, म्हणून हा मीच रचला आहे. आत्मकथनातला आहे असं समजा:

‘एजंट म्हणाला, “मराठी छो ने? तो वांधो नहीं.” मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो जिन्यातच थांबला. किल्ल्यांचा जुडगा त्याने या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, “वरच्या मजल्यावर पाण्याचा जरा प्रॉब्लेम आहे.” आई म्हणाली, “आम्हाला पाणी कमीच लागतं.”’

पहिला मसुदा बहुतेकांचा असा येतो: ‘जातीय भेदभावाचं विदारक चित्रण लेखिकेने अत्यंत प्रभावीपणे केलं आहे.’ नाव झाकून वाचा. गेलं.

विद्यापीठातून नुकतं बाहेर पडलेल्यांचा असा येतो: ‘शहरी घरभाडे बाजारातील बहिष्करणाची प्रक्रिया येथे अधोरेखित होते.’ हे खोटं नाही. पण ते घरभाड्याबद्दल आहे, उताऱ्याबद्दल नाही. हेच वाक्य सर्वेक्षणाच्या अहवालातही बसेल.

आता उताऱ्याकडे परत बघा आणि जे दिसतं तेवढंच लिहा: ‘या प्रसंगात “नाही” हा शब्द नकार म्हणून कोणीच उच्चारत नाही. आडनाव ऐकल्यावर एजंट गुजराती सोडून मराठीत बोलू लागतो, किल्ल्या हात बदलतात, पाण्याचं कारण पुढे येतं. आईला हे कळलं आहे की नाही, लेखिका सांगत नाही. कळून तिने घासाघीस केली असेल तर ती या पुस्तकातली सगळ्यात हुशार व्यक्ती आहे; कळलं नसेल तर शेजारी उभ्या मुलीला ते कळतं, आणि तेवढ्याने दोघींमध्ये अंतर पडतं.’

भाषा बदलते ती जागा तुमच्या नजरेतून सुटली होती? माझ्याही सुटली असती. आमच्या बैठकीतल्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी पकडली. त्यांचं म्हणणं, ‘अहो, जवळीक दाखवताना तो स्वतःच्या भाषेत बोलतो आणि लांब ठेवायचं झालं की आपल्या भाषेत. वीस वर्षं तिकीट खिडकीवर मी हेच बघितलं.’

आता समजा लेखिकेने पुढे आणखी एक वाक्य लिहिलं असतं: ‘त्या दिवशी मला जात म्हणजे काय ते कळलं.’ इथे तुमचं काम कडक होतं. हे वाक्य अनुभव म्हणून खरं असेल, पण आईच्या उत्तराने उघडी ठेवलेली जागा ते बुजवतं. तसं लिहा. हे लिहिताना संकोच वाटेल, ‘तिने सोसलंय, मी कोण सांगणारी?’ असं वाटेल. सोसलं ते तिने. वाक्य आता छापून आपल्या हातात आहे. लेखिका म्हणून तिचा मान तिच्या वाक्याकडे वाक्य म्हणून बघण्यात आहे. दलित किंवा भटक्या लेखकाचं पुस्तक आलं की ‘दस्तऐवज’ म्हणून गौरवायचं आणि शैलीबद्दल बोलणं इतरांसाठी राखून ठेवायचं, ही वरून दिसणारी नम्रता मला पंक्तिभेदासारखीच वाटते.

उलट टोकही टाळा: ‘सामाजिक मूल्य आहे, वाङ्मयीन मूल्य कमी’ हा निकाल. वाङ्मयीन मूल्य म्हणजे तुम्हाला शाळेत शिकवलेलं निसर्गवर्णन नव्हे.

मांडणी, थोडक्यात

पुरवणीसाठी सातशे ते नऊशे शब्द, मासिकासाठी दीड हजारापर्यंत. सुरुवात पुस्तकातल्या एका ठोस जागेने करा, लेखकाच्या जन्मगावाने नको. कथानक दीडशे शब्दांत. कादंबरीत शेवटाला हात लावायचा नाही. दोन, फार तर तीन मुद्दे, प्रत्येकाला पुस्तकातला पुरावा आणि पान क्रमांक. एखादी तक्रार असली तर ती मध्ये; ‘मुद्रितशोधनाच्या काही चुका वगळता’ या शेपटात लपवू नका. मुखपृष्ठाबद्दल बोलण्यासारखं असेल तरच बोला. खाली पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशन, पृष्ठं, किंमत.

उताऱ्यांबद्दल लोक घाबरतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार समीक्षेसाठी रास्त प्रमाणात उद्धृत करता येतं. कायद्यात शब्दांचा आकडा दिलेला नाही, म्हणून माझा घरगुती नियम: ज्याबद्दल मी लगेच काही बोलणार आहे तेवढंच उचलायचं. कविता किंवा ओवी असेल तर आणखी हात आखडता.

आत्मकथनातल्या जिवंत माणसांबद्दल जपून. लेखिकेने सासऱ्यांबद्दल लिहिलं तो तिचा निर्णय आणि तिची जबाबदारी. परीक्षणात ‘असा नराधम सासरा’ असं लिहिलं की ते तुमचं विधान होतं. ‘लेखिका सांगते’, ‘पुस्तकातला सासरा’ अशी भाषा ठेवा. आणि पुस्तकात बदललेल्या नावामागे खरं कोण हे तुम्हाला माहीत असेल, इथे ते माहीत असतंच, तर ते चेवड्याबरोबर बैठकीतही बोलू नका.

पाठवण्याआधी

मसुदा दोन दिवस बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडतो ते वाक्य तोडा. ‘विदारक’, ‘दाहक वास्तव’, ‘अंतर्मुख’, ‘अस्वस्थ करणारं’, ‘प्रस्थापित व्यवस्थेला हादरा’ हे शब्द शोधून काढा. प्रत्येकाच्या जागी पुस्तकातला एक प्रसंग घालता येतो का बघा. येत नसेल तर वाक्यच काढा. मग नाव झाकून वाचा.

परीक्षण छापून आलं की लेखकाचा फोन येऊ शकतो. मला आला आहे, सकाळी साडेसहाला, दूधवाला दारात असताना. तेव्हापासून मी पुस्तक, चिठ्ठ्या आणि चार खुणांची वही निदान महिनाभर हाताशी ठेवते. मताबद्दल वाद घातला तर ऐकून घेते, बदलत नाही. वस्तुस्थिती चुकली म्हणाले तर विचारते, ‘पान कितवं?’ आणि उघडून बघते. त्या सकाळी पान एकशे बाराच होतं आणि चूक माझी होती: ज्या आत्याला मी ‘गायब झालेली’ म्हटलं होतं, ती एका वाक्यात, पाठमोरी, बसला हात करताना होती. पुढच्या अंकात चार ओळींची दुरुस्ती पाठवली.